मुकादम हा कुत्रा असल्याबाबत

प्रति,
मा. विश्रामगृह व्यवस्थापन अधिकारी,
पाणीपुरवठा खाते, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

अर्जदार : वरिष्ठ आरेखक, नकाशा शाखा, तळमजला, हीच इमारत.

विषय : मुकादम हा इसम नसून कुत्रा असल्याबाबत, तसेच त्याची बदली, गैरहजेरी व खुलासा यांतून अर्जदाराची सुटका होण्याबाबत.

संदर्भ :
१) समुद्रकाठच्या विश्रामगृहाचा परवाना, दि. ९ जानेवारी
२) मुकादमाच्या बदलीचा आदेश, दि. १४ फेब्रुवारी
३) कारणे दाखवा नोटीस, दि. २ मार्च
४) खिडकी क्रमांक तीनवर झालेले तोंडी बोलणे, ज्याची नोंद कुठेही नाही.

महोदय,

आपल्या खोलीच्या बरोबर दोन मजले खाली बसून अर्जदार हा अर्ज लिहीत आहे. जिना चढून समक्ष सांगता आले असते, आणि तसे ते आठ वेळा सांगून झाले आहे. म्हणून आता लेखी.

१. अर्जदार एकतीस वर्षे या खात्यात नळांचे नकाशे काढतो. कोणत्या रस्त्याखाली कोणती नळी किती खोल आहे हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. पत्नीचे म्हणणे असे की, न विचारताही तो ते सांगतो. पुढील महिनाअखेर तो निवृत्त होत आहे. एवढ्या वर्षांत त्याने खात्याचे विश्रामगृह एकदाही मागितले नव्हते. यंदा मागावे लागले त्याचे कारण पत्नीचा उजवा गुडघा. ती शाळेत कवायत शिकवीत असे. पोरांच्या मागे तीस वर्षे धावून त्या गुडघ्याने गेल्या नोव्हेंबरात हात टेकले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले की फरशीवर चालायचे नाही, मऊ जमिनीवर चालायचे, वाळूवर किंवा गवतावर, आणि कंटाळा करायचा नाही. अर्जदाराच्या गल्लीत वाळू आहे ती बांधकामाची आणि गवत आहे ते गटाराच्या कडेचे. त्यामुळे बाहेर जाणे भाग पडले.

२. आता मुकादम. सात वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी आपल्याच खात्याचे खोदकाम चालू होते. तांबूस रंगाचे, एक कान उभा आणि एक दुमडलेला असे एक कुत्र्याचे पिल्लू सकाळी आठला यायचे, खड्ड्याच्या काठावर बसायचे आणि खाली काम करणाऱ्यांकडे टक लावून बघायचे. कोणी विडी ओढायला बसला की भुंकायचे. स्वतः काडी हलवायचे नाही. मजुरांनी त्याचे नाव मुकादम ठेवले, यात खात्यातील मुकादमांचा अवमान करण्याचा अर्जदाराचा हेतू नव्हता, कारण नाव त्याने ठेवलेलेच नाही. खड्डा बुजवला, मजूर गेले, मुकादम अर्जदाराच्या पायरीवर येऊन बसला. पत्नी म्हणाली, दोन दिवस राहू दे. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे पत्नी खाटेवर होती. तेवढे दिवस मुकादम खाटेच्या पायथ्याशी बसून होता आणि तिचे ताट आल्याशिवाय स्वतःच्या भांड्याला तोंड लावत नव्हता. तेव्हा त्याला शेजाऱ्यांकडे सोपवून सुट्टीवर जाण्याचा विषय अर्जदाराने काढला नाही. खरे म्हणजे एकदा काढला, आणि मग पुन्हा काढला नाही.

३. खात्याची विश्रामगृहे दोन आहेत, एक समुद्रकाठी आणि एक खेड्यात, तळ्याकाठी. अर्जात एकच ठिकाण लिहावयाचे असते. अर्जदाराला समुद्र हवा होता. जन्मभर त्याने पाण्याचे नकाशे काढले, पण ते पाणी शेवटी जाऊन पोहोचते कुठे ते त्याने पाहिलेले नव्हते. पत्नीला तळे हवे होते. समुद्र सारखा बोलत असतो आणि घरात एक बोलणारा पुरे आहे, असे तिचे मत पडले. या मुद्द्यावर तीन आठवडे गेले. शेवटी निवाडा मुकादमावर सोपवला. अर्जदाराने बांधकामावरून घमेलेभर वाळू आणली, पत्नीने शेजारणीच्या कुंडीशेजारचे गवत उपटून आणले, आणि दोन्ही मुकादमापुढे मांडले. त्याने वाळू हुंगली, गवत हुंगले, आणि जाऊन उघड्या रिकाम्या बॅगेत बसला. म्हणजे कुठेही चला, पण मला सोडून नको. त्यापुढे वाद घालण्याजोगे काही उरले नाही, आणि प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला.

तो नियमावलीने सोडवला. तळ्याकाठच्या विश्रामगृहाचा नियम नऊ असा आहे : कुत्रा आणल्यास बांधून ठेवावा, बांधलेला कुत्रा भुंकल्यास सोडावा, सुटा कुत्रा आढळल्यास पकडून हद्दीबाहेर घालवावा. पत्नीने हा नियम दोनदा वाचला आणि म्हणाली, "चला समुद्रावर." समुद्रकाठच्या नियमावलीत कुत्र्याचा उल्लेखच सापडला नाही. तेथे फाटकावर पाटी आहे हे नंतर कळले.

४. अर्ज पत्नीने भरला, कारण अर्जदाराचे अक्षर नकाशाचे आहे आणि ते चौकटीत मावत नाही. "सोबतच्या व्यक्ती" या रकान्यात तिने स्वतःचे नाव लिहिले, खाली "मुकादम" लिहिले, आणि नात्याच्या रकान्यात "घरचाच" असे लिहिले. अर्जदाराने खिडकी क्रमांक तीनवर तो अर्ज देताना स्पष्ट सांगितले की, मुकादम हा कुत्रा आहे. लिपिकसाहेब शिक्का मारता मारता म्हणाले, "तोंडी माहिती या खिडकीवर घेत नाहीत." ती कोणत्या खिडकीवर घेतात असे विचारता त्यांनी मान वर केली नाही.

परवाना आला त्यात "आरेखक, पत्नी व मुकादम (खात्याचाच)" असे टंकलेले होते. घरचाचे खात्याचा कसे झाले ते अर्जदारास माहीत नाही. परंतु परवान्याची एक प्रत बांधकाम शाखेला गेली, आणि पुढचे सारे रामायण तिथून सुरू झाले.

५. समुद्रकाठच्या फाटकावर चौकीदार कागद घेऊन उभा होता. त्याच्या डोक्यावरच पाटी होती : प्राण्यांना सक्त मनाई. चौकीदाराने विचारले, मुकादम कुठे आहेत. अर्जदाराने खाली बोट दाखवले. चौकीदाराने कुत्र्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, मग पुन्हा कुत्र्याकडे पाहिले. शेवटी म्हणाला, "कागदावर कुत्रा लिहिलेला नाही. कुत्रा असता तर पाटीप्रमाणे आत घेतला नसता. मुकादम आहे म्हणून घेतो."

येथे अर्जदार आपली चूक कबूल करतो. त्याने त्याच वेळी ठासून सांगायला हवे होते. सांगणारही होता. पण तोवर पत्नी फाटकातून आत जाऊन ओसरीच्या पायरीवर बसली होती, तिने चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि समोरच्या वाळूकडे बघत होती. परत फिरायचे तर गाडी थेट दुसऱ्या दिवशी होती. अर्जदार गप्प बसला. एकतीस वर्षांच्या नोकरीत खोटी रेघ एकदाही ओढली नाही, एवढी गप्प राहण्याची मात्र ओढली.

६. पहिल्या सकाळी पत्नी वाळूत चाळीस पावले चालली. मुकादम तिच्या उजव्या अंगाला, ती थांबली की थांबे, ती निघाली की निघे. अर्जदार मागून पावले मोजत होता. चाळिसाव्या पावलाला ती म्हणाली, "अहो, बघा तुमचं पाणी, इथवर पोहोचलंय." त्यानंतर ती दहा पावले जास्त चालली.

परत येताना विश्रामगृहाच्या कुंपणाशी एक गवंडी आणि तीन मजूर ओळीने उभे दिसले. लाटांनी कुंपणाची भिंत गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पाडली होती. विटा आल्या, सिमेंट आले, माणसे आली. पण मुकादमाशिवाय गवंड्याने थापीला हात लावायचा नाही असा नियम असल्याने आठ महिने ती माणसे रोज सकाळी हजेरी लावून समुद्र बघत बसली होती. गवंडी साठीचा, मितभाषी माणूस. त्याला अर्जदाराने खरे काय ते सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "साहेब, आठ महिने थापी गंजतेय. बांधकाम शाखेच्या आदेशात मुकादम आला आहे. तो आदेश मला पुरतो." आणि ओळंबा सोडून तो कामाला लागला.

मुकादम वाळूच्या ढिगावर चढला आणि बसला. त्याला हे काम लहानपणापासून ठाऊक. मजूर रेंगाळले की भुंके, कामाला लागले की गप्प. अकरा वाजता पत्नी ओसरीवरून कवायतीची शिट्टी फुंके. ती मुकादमाला बोलवायला असे, पण मजूर त्यावर चहाला थांबू लागले. अर्जदाराला बसवेना, तो विटा पुरवू लागला. चार दिवसांत भिंत उभी राहिली. गवंडी म्हणाला, मी बारा मुकादमांच्या हाताखाली काम केले, पण एकानेही एवढे लक्ष दिले नाही आणि एकानेही एवढे कमी तोंड घातले नाही. पत्नी तोवर तीनशे पावलांवर आली होती.

७. पाचव्या दिवशी कनिष्ठ अभियंता न कळवता पाहणीस आले. त्यांनी भिंत पाहिली, हात फिरवला, ओळंबा लावला, आणि मुकादमाचे नाव प्रशंसेसाठी मागितले. अर्जदाराने तेव्हा मात्र कच खाल्ली नाही. त्याने सर्व हकिगत सांगितली आणि भिंतीच्या सावलीत झोपलेला मुकादम दाखवला.

"भिंत सरळ आहे ना?" त्यांनी विचारले.

गवंडी म्हणाला, सरळ आहे.

"मग तुम्ही आत्ता जे बोललात ते मला वाऱ्यामुळे ऐकू आलेलं नाही," असे म्हणून त्यांनी वही मिटली. त्या दिवशी वारा नव्हता.

८. यानंतर संदर्भ क्रमांक दोनचा आदेश निघाला. मुकादमाने आठ महिने रखडलेले काम चार दिवसांत पुरे केल्याबद्दल समाधान व्यक्त करून, तळ्याकाठच्या विश्रामगृहाचा फुटलेला बांध दुरुस्त करण्यासाठी त्याची तेथे बदली करण्यात आली. तो पंधरा दिवसांत रुजू झाला नाही, कारण तो अर्जदाराच्या घरी पायपुसण्यावर झोपला होता. मग संदर्भ क्रमांक तीनची नोटीस आली. तीत म्हटले आहे की मुकादमाने गैरहजेरीचा खुलासा सहीनिशी करावा, आणि तो मिळेपर्यंत किंवा मुकादम हजर होईपर्यंत, त्याला सोबत घेऊन फिरणाऱ्या आरेखकाचे निवृत्तीचे कागद रोखून ठेवावेत.

अर्जदार सात वेळा जिना चढला. पहिल्यांदा आस्थापना शाखेत, तेथून बांधकाम शाखेत, तेथून पुन्हा आस्थापनेत. एका टेबलावर सांगितले की कुत्रा असल्याचा दाखला आणा. पशुवैद्यकांनी लसीचा दाखला दिला, त्यावर "मुकादम, नर, वय सात" असे लिहिले होते. टेबलावरील बाईंनी तो पाहून विचारले, सात वर्षांचा मुकादम नोकरीत घेतला कोणी. अर्जदार मुकादमालाच घेऊन गेला, तर शिपायाने जिन्यातच अडवले, कारण इमारतीत कुत्र्यांना मनाई आहे. अर्जदाराने अत्यानंदाने विचारले, म्हणजे हा कुत्रा आहे हे तुम्हाला मान्य आहे ना. शिपाई म्हणाला, मला मान्य आहे, पण माझी सही चालत नाही.

९. आठव्या खेपेस आस्थापनेतील जुने लिपिक कळवळले. त्यांनी अर्जदाराला बाजूला घेतले आणि सांगितले की, निवृत्तीआधी माणूस खात्यातून कमी होण्याचे मार्ग दोनच, राजीनामा आणि मृत्यू. राजीनामा स्वहस्ताक्षरात लागतो. "मरण दाखवा," ते म्हणाले, "एका दिवसात काम होतं. कुणाचं काही बिघडत नाही." त्यांनी दोन्हींचे नमुने दिले. ते वाईट गृहस्थ नव्हेत.

अर्जदाराने मृत्यूचा नमुना घरी जेवणाच्या टेबलावर बसून अर्धा भरला, हे लपवण्यात अर्थ नाही. नाव लिहिले. हुद्दा लिहिला. "मृत्यूचे कारण" या रकान्याशी लेखणी अडली, कारण त्या रकान्याच्या विषयाने त्याच वेळी येऊन अर्जदाराच्या पावलावर हनुवटी टेकली. पत्नी काठी टेकत स्वयंपाकघरातून आली. तिने कागद उचलून वाचला. ती चिडेल असे अर्जदाराला वाटले होते, पण ती चिडली नाही.

"अहो, मी खाटेवर होते तेव्हा हा सहा आठवडे हलला नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही याला कागदावर मारताय."

अर्जदार म्हणाला, अगं, नुसते कागदावरच.

"मग तुमचे नळ कुठे आहेत? कागदावरच ना? त्यातून पाणी येतं ना?"

तीस वर्षे पोरांना सावधान-विश्राम करायला लावणारा तो आवाज होता. अर्जदाराने नमुना फाडला.

१०. त्यानंतर संदर्भ क्रमांक दोनचा आदेश पत्नीने पहिल्यांदाच पुरा वाचला. अर्जदाराने तो अनेकदा वाचला होता, पण नोकरदार माणूस आदेशाची पहिली ओळ आणि खालची सही वाचतो, मधले वाचत नाही. मधे परिच्छेद चार आहे.

"हे बघितलंत का?" ती म्हणाली. "मुकादमास तळ्याकाठी कुटुंबासह राहण्यासाठी दोन खोल्या आणि पुढे अंगण, असं लिहिलंय. बांध पुरा होईपर्यंत."

अर्जदार म्हणाला, ते कुटुंब मुकादमाचे.

"मग आपण कोण आहोत?"

अर्जदाराने या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. त्याला उत्तर सापडले नाही, उलट प्रश्नच बरोबर वाटू लागला. डॉक्टरांनी परवा गुडघा तपासून सांगितले की वाळू झाली, आता गवत. अर्जदाराची शिल्लक रजा शाखाप्रमुखांनी मंजूर केली आहे. जे ठिकाण तीन आठवडे घरात ठरत नव्हते ते आपल्या कार्यालयाने एका आदेशात ठरवून दिले, याबद्दल आभार मानणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. नियम नऊ कुत्र्यांना लागू आहे. आपल्या कार्यालयाच्या मते मुकादम कुत्रा नाही. त्यामुळे त्याला बांधणे, सोडणे किंवा घालवणे यांपैकी काहीही करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

सबब विनंती अशी :

मुकादम हा कुत्रा आहे. हे अर्जदाराने फाटकावर सांगायला हवे होते, ते सांगितले नाही, म्हणून आता स्वच्छ अक्षरात, सहीनिशी लिहून देत आहे. हे मान्य असल्यास बदली, गैरहजेरी व नोटीस रद्द करून अर्जदाराचे कागद मोकळे करावेत, आणि तसे लेखी कळवावे. मान्य नसल्यास कळवण्याची तसदी घेऊ नये. सोमवारी सकाळी सातच्या गाडीने मुकादम आदेशाप्रमाणे तळ्याकाठी रुजू होत आहे, आणि तो हजर होताच नोटिशीच्या शेवटच्या वाक्याप्रमाणे अर्जदाराचे कागद आपोआप मोकळे होतील. समुद्रकाठचा गवंडी आपल्या तीन माणसांसह तेथे आधीच पोहोचला आहे. त्याने पोस्टकार्डावर कळवले आहे की बांध मोठा आहे, घाई करू नका, महिनाभर चालेल.

बांध पुरा झाल्यावर मुकादमाची पुढची बदली कोठे होणार हे आगाऊ कळल्यास बरे होईल. पत्नीला आता डोंगर बघायचा आहे.

मुकादमाच्या कुटुंबातर्फे,
आपला, अजूनही नम्र,
वरिष्ठ आरेखक, नकाशा शाखा

दिनांक : १७ मार्च

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१) लसीचा दाखला.
२) भिंतीचे छायाचित्र. मुकादम डावीकडून पहिला. उभे आहेत ते मजूर.
३) मृत्यूचा नमुना, अर्धा भरलेला, दोन तुकड्यांत.
४) राजीनाम्याचा नमुना, कोरा. संबंधिताने त्याचा उजवा कोपरा खाल्ला असून याहून अधिक मजकूर देण्यास तो तयार नाही.